ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गिअर कधी बदलायचा हे कशावरून ठरवतो?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. घरी सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारी) ऑटोमॅटिक गाडी आहे. सपाट रस्त्यावर तिच्याबद्दल काही तक्रार नाही. पण वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात ती तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये सारखी वर-खाली करते. वळणाआधी पाय उचलला की चौथा पडतो, वळण संपवून पाय दिला की पुन्हा तिसरा. एका गॅरेजमध्ये दाखवली तर "गिअरबॉक्स उघडावा लागेल" म्हणाले, आणि खर्चाचा आकडा ऐकून बाबा गप्पच झाले. दुसऱ्या गॅरेजवाल्यांचं म्हणणं, काही झालेलं नाही, या गाड्या अशाच चालतात.

कोणाचं ऐकायचं ते नंतर ठरवू. त्याआधी मला समजून घ्यायचंय की आत नेमकं काय घडतं. गिअर कधी बदलायचा हे कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, आणि ठरवल्यावर तो प्रत्यक्षात बदलतो कसा? शोधलं तर एकतर जाहिरातीची भाषा सापडते, नाहीतर थेट हायड्रॉलिक सर्किटचे नकाशे. मी इंजिनिअर नाही, पण बारावीपर्यंतचं फिजिक्स मन लावून केलंय. कोणी समजावेल का?

मिशिगनकर

कृष्णाकाठ ताई, मी डेट्रॉईटजवळ याच कामात आहे, गिअरबॉक्सचं कॅलिब्रेशन करतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

इंजिनचा एक कंट्रोलर असतो, ईसीयू. गिअरबॉक्सचा वेगळा असतो, टीसीयू. दोघं कॅन नावाच्या दोन तारांवरून सेकंदाला कित्येक वेळा एकमेकांना आकडे कळवत असतात. (हे कॅन बॉशने १९८६ मध्ये इथेच, डेट्रॉईटच्या एका परिषदेत मांडलं होतं.) टीसीयूला रस्ता दिसत नाही, घाट दिसत नाही, पुढचं वळण तर नाहीच. त्याच्याकडे येतं ते एवढंच: पेडल किती दाबलंय, इंजिन किती टॉर्क (फिरवण्याची ताकद) देतंय, गिअरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट किती वेगाने फिरतोय, बाहेर पडणारा किती वेगाने, तेल किती गरम आहे, दांडा कुठे आहे, ब्रेकवर पाय आहे का.

यातले गाडीचा वेग आणि पेडल हे दोन आकडे मुख्य. आडव्या अक्षावर वेग आणि उभ्या अक्षावर पेडल घेऊन आलेख काढा. त्यावर प्रत्येक गिअरबदलाची एक रेषा असते. गाडीची या क्षणाची स्थिती म्हणजे त्या आलेखावरचा एक बिंदू. बिंदूने तिसऱ्यातून चौथ्याची रेषा ओलांडली की चौथा. या रेषा तिरक्या असतात: पेडल हलकं असेल तर वरचा गिअर कमी वेगालाच पडतो, पेडल दाबलेलं असेल तर उशिरा. वर जाण्याची आणि खाली येण्याची रेषा मुद्दाम लांब ठेवतात. समजा ठरावीक पेडलला ५५ च्या वेगाला चौथा पडत असेल, तर परत तिसऱ्यात येण्यासाठी वेग ४२ पर्यंत उतरावा लागेल. हे अंतर ठेवलं नाही तर गाडी सपाट रस्त्यावरही दोन गिअरमध्ये हेलपाटे घालेल.

आता तुमचा घाट. वळणाआधी तुम्ही पाय उचलता. वेग फारसा बदललेला नाही, पण पेडलचा आकडा एकदम कमी झाला, म्हणजे बिंदू सरळ खाली घसरला आणि तिरकी रेषा ओलांडली. टीसीयूच्या हिशोबाने तुम्हाला आता ताकद नकोय, म्हणून चौथा. वळण संपलं, तुम्ही पाय दिला, बिंदू वर गेला, दुसरी रेषा ओलांडली, तिसरा. त्याच्याजवळ असलेल्या माहितीवरून दोन्ही निर्णय बरोबर आहेत. त्याला माहीत नसलेली गोष्ट एकच, की पुढे अजून चढ आहे.

यावर उपाय म्हणून चढ ओळखण्याची सोय प्रोग्रॅममध्ये घालतात. इंजिनचा टॉर्क आणि गिअरचं गुणोत्तर माहीत असतं, गाडीचं वजन ढोबळ माहीत असतं. त्यावरून सपाट रस्त्यावर वेग किती वाढायला हवा हे काढता येतं. प्रत्यक्षात वाढ कमी दिसली तर चढ असणार, मग वरचा गिअर रोखून धरायचा. पण पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन सपाटीवर चाललेली गाडीही त्याला चढावरच्या गाडीसारखीच दिसते. म्हणून नव्या गाड्यांत वेगळा सेन्सर घालून उतार मोजतात. पाय झटक्यात उचलला तर गिअर तसाच धरून ठेवणं हीही एक युक्ती आहे. तुमच्या गाडीत यातलं किती आहे आणि किती आक्रमकपणे लावलंय हे कंपनीच्या मर्जीवर. मायलेजचा आकडा चांगला यावा म्हणून वरच्या गिअरकडे ओढा ठेवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि घाटातल्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते असं माझं स्पष्ट मत आहे.

कोकणकडा

उत्तम प्रतिसाद! वाचनखूण साठवली. एक शंका: आता बऱ्याच गाड्यांत जीपीएस असतं, मग पुढचं वळण गिअरबॉक्सला का सांगत नाहीत?

मिशिगनकर

@कोकणकडा, सांगतात. २०१३ च्या रोल्स-रॉइस रेथमध्ये उपग्रहाच्या मदतीने पुढचा रस्ता बघून गिअर निवडण्याची सोय आली, झेडएफ या जर्मन कंपनीच्या आठ गिअरच्या बॉक्सवर. सर्वसाधारण गाडीत अडचण नकाशाची आहे. नकाशा चुकीचा निघाला तर गिअरबॉक्स आत्मविश्वासाने चुकीचा निर्णय घेईल, त्यापेक्षा न बघता घेतलेला सावध निर्णय बरा.

स्पॅनर_कोल्हापूर

ताई, गॅरेजवाल्याच्या बाजूने लिहितो. बॉक्स उघडायची गडबड अजिबात करू नका. ज्याने स्कॅनर न लावता उघडायला सांगितला त्याच्याकडे परत जाऊ नका.

आधी कोड वाचून घ्या. पी०७०० हा नुसता निरोप असतो, की टीसीयूकडे काहीतरी नोंद आहे, तिकडे बघा. खरी गोष्ट पुढच्या कोडमध्ये. पी०७१५ म्हणजे आत शिरणाऱ्या शाफ्टच्या स्पीड सेन्सरचं सर्किट. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. पी०७४१ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) नीट धरत नाही. यातला पी०७१५ नुसता सेन्सरचा किंवा वायरिंगचा असू शकतो, त्यासाठी बॉक्स फोडायचं काय कारण?

कोड नसेल तर गाडी चालवत लाइव्ह डेटा बघायचा. टर्बाइनचा (म्हणजे आत शिरणाऱ्या शाफ्टचा) वेग भागिले आउटपुट (बाहेर पडणाऱ्या) शाफ्टचा वेग, हे उत्तर त्या गिअरच्या गुणोत्तराइतकं यायला पाहिजे. पाय दाबल्यावर ते उत्तर वाढायला लागलं तर क्लच सरकतोय. जुळत असेल तर क्लचच्या प्लेटा धरतायत. तुमच्या वर्णनात कुठेही रेस वाढून गाडी न ओढल्याचं लिहिलेलं नाही, झटका नाही, वास नाही. मला तरी बॉक्स ठणठणीत वाटतोय. आणि हो, बॅटरी तपासा. व्होल्टेज पडलं की हे कंट्रोलर काहीच्या काही कोड टाकतात.

कृष्णाकाठ

दोघांचे मनापासून आभार. भागाकाराची ही तपासणी मला फार आवडली, अगदी पहिल्या तत्त्वापासून आहे. बाबांना वाचून दाखवलं.

आता पुढचा प्रश्न. निर्णय झाला की तिसरा टाकायचा. पुढे? मॅन्युअलमध्ये आपण क्लच दाबून इंजिन सोडवतो, दांडा हलवतो, क्लच सोडतो. इथे ताकद तुटल्याचं जाणवतही नाही. मग ते कसं जमतं?

मिशिगनकर

हा माझ्या सगळ्यात आवडीचा भाग आहे. एक खरा गिअरबॉक्स घेऊनच सांगतो: झेडएफचा ६एचपी२६, जो २००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमधून आला. उत्पादनातल्या मोटारीतला हा पहिला सहा गिअरचा ऑटोमॅटिक. पुढे जॅग्वार, ऑडी, लँड रोव्हर सगळ्यांनी वापरला. त्याची रचना अभ्यासाला फार सुंदर आहे.

मॅन्युअलसारखे दात सरकवून जुळवणं यात नसतं. सगळे गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. मध्ये सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रं आणि बाहेरून कडं, असे संच असतात. संचातला कोणता भाग फिरवायचा आणि कोणता घट्ट धरून ठेवायचा यावर गुणोत्तर ठरतं. या बॉक्समध्ये असा एक साधा संच आणि एक जोडसंच आहे. पिअर लेपेलेतिए या फ्रेंच अभियंत्याची ही मांडणी. एवढ्याशा सामानात सहा पुढचे गिअर आणि एक रिव्हर्स बसवला.

धरणं-सोडणं करायला पाच घटक आहेत. ए, बी आणि ई हे तीन क्लच, सी आणि डी हे दोन ब्रेक. हे सगळे तेलात बुडालेल्या प्लेटांचे. पुढच्या कुठल्याही गिअरमध्ये यातले बरोबर दोन घट्ट असतात. पहिल्याला ए आणि डी. दुसऱ्याला ए आणि सी. तिसऱ्याला ए आणि बी. चौथ्याला ए आणि ई. पाचव्याला बी आणि ई. सहाव्याला सी आणि ई. लक्षात घ्या, शेजारच्या गिअरला जाताना एक घटक तसाच राहतो, एक सुटतो, एक धरतो.

दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचंय, म्हणजे सी सोडायचा आणि बी धरायचा. गुणोत्तर २.३४० वरून १.५२१ वर येणार. आत शिरणारा शाफ्ट ३००० ने फिरत असेल, तर गाडीचा वेग तोच राहून त्याला १९५० वर यावं लागेल. सगळं काही सेकंदाच्या अंशात.

सुरुवातीला बी क्लचच्या पिस्टनमागे तेल भरतात. प्लेटांमधली फट मिटते, पण पकड अजून नाही. तेल कमी भरलं तर पुढे उशीर होतो, जास्त भरलं तर क्लच आधीच धरतो आणि धक्का बसतो. मग बी वरचा दाब हळूहळू चढवायचा आणि त्याच वेळी सी वरचा उतरवायचा. भार एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि ताकद तुटत नाही ती इथे. सी लवकर सुटला तर इंजिन मोकळं होऊन भर्रकन वर जातं. उशिरा सुटला तर दोन गिअर एकाच वेळी धरल्यासारखे होऊन गाडी अडते. भार बी वर आला की शाफ्टचा वेग ३००० वरून उतरायला लागतो. या टप्प्यात टीसीयू ईसीयूला सांगतो, क्षणभर टॉर्क कमी कर. पेट्रोल इंजिनात ठिणगी थोडी उशिरा टाकून, डिझेलमध्ये इंधन कमी करून ते होतं. १९५० गाठलं की टॉर्क परत, बी वर पूर्ण दाब, काम संपलं. तुमचा पाय पेडलवर तसाच होता.

हे सगळे दाब सोलेनॉइड व्हॉल्व्ह सांभाळतात. टीसीयू त्यांना विजेचा कमी-जास्त प्रवाह देतो, प्रवाहानुसार तेलाचा दाब बदलतो. या बॉक्समध्ये कंट्रोलर, व्हॉल्व्ह आणि सेन्सर मिळून एकच भाग आहे आणि तो तेलाच्या टाकीतच, गरम तेलात बसवलेला आहे.

स्पॅनर_कोल्हापूर

याला जोडून: वायरिंग गेलं किंवा कंट्रोलर बंद पडला तर सोलेनॉइडला वीज मिळत नाही. तेव्हा व्हॉल्व्ह ज्या जागेवर परत येतात त्या जागेवर एक मधला गिअर धरला जाईल अशी रचनाच केलेली असते. यालाच लिंप मोड म्हणतात. गाडी जड उठते, वरचे गिअर पडत नाहीत, पण घरापर्यंत येते. लोक घाबरून रस्त्यातच सोडतात. सावकाश चालवत या, एवढंच.

निवृत्त_अभियंता

वाचून फार आनंद झाला. थोडी जुनी बाजू सांगतो. हे सगळं एकेकाळी विजेशिवाय होत होतं. जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये आला, चार गिअरचा. दुसऱ्या महायुद्धात तो एम-५ स्टुअर्ट रणगाड्यांतही बसवला गेला. त्यात आउटपुट शाफ्टवर वजनं फिरत असत. वेग वाढला की ती बाहेर फेकली जात आणि तेलाचा एक दाब वाढे. दुसरा दाब थ्रॉटलच्या जोडणीवरून येई. प्रत्येक गिअरबदलाच्या व्हॉल्व्हवर या दोन दाबांची रस्सीखेच चाले. वेगाचा दाब जिंकला की वरचा गिअर.

मिशिगनकरांनी काढलेला आलेख तेव्हा स्प्रिंगच्या ताकदीत आणि छिद्रांच्या व्यासात कोरलेला होता. बदलायचा तर स्प्रिंग बदला. १९६९ मध्ये रेनॉ १६ टीएसारख्या गाडीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं, पण खरा फरक पडला १९८० च्या दशकात मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाल्यावर. तेल आणि क्लच राहिले, वजनं आणि स्प्रिंगा गेल्या. त्या जुन्या व्हॉल्व्ह बॉडीची (व्हॉल्व्ह आणि तेलाच्या वाटा असलेल्या ठोकळ्याची) नक्षी हातात घेऊन पाहिलेल्या माणसाला त्या अभियंत्यांबद्दल आदरच वाटतो.

अनुराधा_ब

माझ्याकडे एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गाडी आहे, २०१४ मध्ये सेलेरिओतून आपल्याकडे जो प्रकार आला तसलाच. ड्रायव्हरचं दार उघडलं की खालून घर्र आवाज येतो. आणि चढावर सिग्नलला ॲक्सिलरेटरवर थोडा पाय ठेवून थांबले की कधीकधी जळका वास येतो. हे वरच्या वर्णनातलंच काही का?

स्पॅनर_कोल्हापूर

अनुराधाताई, तुमचा प्रकार वेगळा. तुमच्या गाडीत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधा कोरडा क्लचच आहे. फक्त क्लच दाबायला आणि दांडा हलवायला माणसाऐवजी यंत्र बसवलंय. दार उघडल्यावरचा आवाज तेलाच्या पंपाचा. तुम्ही किल्ली फिरवेपर्यंत दाब तयार असावा म्हणून तो आधीच चालू होतो. नॉर्मल आहे.

वास मात्र नॉर्मल नाही. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवता तेव्हा क्लच अर्धवट सुटलेला असतो आणि घासत राहतो. तो कोरडा, थंड करायला तेल नाही. उपाय एकच, पाय ब्रेकवर किंवा हँडब्रेक. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तीच चूक केली तर प्लेट जळत नाही, पण तेल तापतं. तिथे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधोमध तेलच असतं, ते घुसळलं जातं आणि सगळी ताकद उष्णतेत जाते. ब्रेक दोन्हीकडे वापरायचाच.

कृष्णाकाठ

कळवायचं राहिलं होतं. दुसरीकडे स्कॅन करून घेतलं. एकही कोड नाही, आणि भागाकार प्रत्येक गिअरला जुळला! चढावर पूर्ण पाय देऊनसुद्धा. तेल मात्र काळसर निघालं. मॅन्युअलमध्ये तेल बदलण्याचा उल्लेखच नाही, "आयुष्यभरासाठी भरलेलं" असं लिहिलंय. बदलावं का?

स्पॅनर_कोल्हापूर

बदला. आयुष्यभर म्हणजे कोणाचं आयुष्य हे तिथे लिहिलेलं नसतं. मिशिगनकरांनी वर सांगितलंच, वीज फक्त हुकूम देते, धरण्याचं काम तेलाचं. दाब तेलाचा, थंड करणं तेलाचं, प्लेटांच्या घर्षणाचा गुणसुद्धा तेलातल्या रसायनांवर अवलंबून. घाट, ऊन, ट्रॅफिक असं चालणाऱ्या गाडीत ते थकतंच.

तीन गोष्टी बघा. तेल तुमच्या बॉक्सला सांगितलेल्या प्रतीचंच हवं. टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-४, डेक्स्रॉन-६, ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत, रंग लाल दिसला म्हणून ओतू नका. पातळी तेलाच्या ठरावीक तापमानालाच तपासायची. बऱ्याच बॉक्सना आता डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर साधारण ३५ ते ४५ अंश दिसत असताना खालचा बूच उघडून बारीक धार येते का बघतात. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात मिळेल. गरम बॉक्सवर तपासलं तर तेल फुगलेलं असतं, जास्तीचं वाहून जातं आणि भरणा कमी पडतो. मी इतर कोणाच्या चुकीच्या पातळीमुळे आलेले बॉक्स बघितलेत, काही बिघाड नव्हता, फक्त तेल कमी.

तिसरं, निघालेलं तेल दुधाळ गुलाबी असेल तर तिथेच थांबा. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या पोटात असतो. तो फुटला की कूलंट तेलात येतं. प्लेटांवरचं अस्तर कागदाच्या जातीचं असतं, ते पाण्याने सुटतं. तेव्हा नुसतं तेल बदलून भागत नाही. तुमचं काळसर आहे म्हणजे ही भीती नाही.

कोकणकडा

घाट उतरताना न्यूट्रल टाकतात त्यांच्यासाठीही दोन शब्द लिहा. माझा एक नातेवाईक ऐकतच नाही.

मिशिगनकर

त्यांना हा धागा द्या. उतारावर न्यूट्रल टाकलं की इंजिन चाकांना रोखत नाही, सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की पकड जाते. इंधन वाचतं हेही खरं नाही. आताच्या इंजिनात गिअरमध्ये राहून पाय काढला की इंजेक्टर बंदच होतात, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला इंधन लागतंच. उतरताना मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा लावा. कृष्णाकाठ ताई, चढतानाही हाच उपाय: पसरणी सुरू झाला की मॅन्युअलमध्ये तिसरा. टीसीयूला न दिसणारा रस्ता तुम्हाला दिसतोय, ती माहिती त्याला द्यायची जागा म्हणजे तो मोड. लाल रेषेपर्यंत इंजिन गेलं तर तो गिअर आपोआप वाढवेल किंवा इंधन रोखेल, आणि फार वेगात खालचा गिअर मागितला तर नाकारेल.

टोइंगचंही सांगतो. गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना ओढत नेली तर आतले भाग तेलाविना फिरतात. इंजिनाची ताकद ज्यांना जाते ती चाकं उचलून किंवा सरळ ट्रकवर चढवून न्या. ढकलून स्टार्ट होत नाही तेही याच कारणाने.

कृष्णाकाठ

तेल बदललं. तिसरा लावून घाट चढलो, बाबा खूश आहेत. गॅरेजवाल्यांनी "ॲडॅप्टेशन रीसेट" केलं असंही सांगितलं, पण त्यानंतर सकाळी गिअर पडताना हलका झटका जाणवतो. हे काय?

मिशिगनकर

मी वर लिहिलं होतं की पिस्टन भरायला किती तेल लागेल हे नेमकं साधावं लागतं. प्लेटा झिजतात तसं ते बदलतं, म्हणून टीसीयू प्रत्येक गिअरबदलानंतर मोजतो: इंजिन मोकळं होऊन वर गेलं का, की गाडी अडली? त्यानुसार पुढच्या वेळचा दाब आणि वेळ थोडी सुधारतो. इतक्या वर्षांचे ते शिकलेले आकडे आता पुसले गेलेत, तो नव्या बॉक्सच्या आकड्यांवर चालतोय.

परत शिकेल, पण त्याच्या अटी असतात. तेल चालू तापमानाला आलेलं हवं आणि गिअर बदलताना पेडल स्थिर हवं. थंड गाडीतला गिअरबदल तो शिकण्यात धरत नाही. त्यामुळे वाईतल्या गल्ल्यांत फिरून फारसं हाती लागणार नाही. गाडी गरम झाल्यावर साताऱ्याच्या रस्त्याला न्या, हलक्या आणि एकसारख्या पायाने थांब्यापासून सहाव्यापर्यंत सगळे गिअर पडू द्या, मग पाय काढून हळूहळू थांबा. असं थोड्या मोठ्या आणि थोड्या कमी पेडलवरही करा. काही कंपन्यांच्या स्कॅनरमध्ये याची ठरलेली प्रक्रिया असते. गॅरेजमध्ये ती असेल तर त्यांच्याकडूनच करून घ्या, लवकर होईल. त्यानंतरही झटका राहिला तर कुठल्या गिअरमधून कुठल्या गिअरमध्ये जाताना येतो तेवढं बघून इथे लिहा. त्यावरून कोणता क्लच ते काढता येईल.